चुलींची मोजदाद

गावात कुणी विचारलं, "कतारला काय करत होता?" तर मी सांगतो, "घरं मोजत होतो." समोरचा हसतो. त्याला वाटतं मी विनय दाखवतोय. आखातात राहून आलेला माणूस म्हणजे इंजिनिअर, निदान फोरमन तरी असणारच. पण खरोखरच मी बारा-तेरा वर्षं घरं मोजली. बांधलं एकही नाही.

आमच्या धर्मग्रामाच्या नाताळ अंकासाठी संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा मी म्हटलं, "माझ्या नोकरीत सांगण्यासारखं काही घडलंच नाही. जे घडलं ते शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी घडलं, आणि तेही माझ्या बायकोमुळे." ते म्हणाले, "मग तेच लिहा." सेलिनला जाऊन आता दीड वर्ष झालं. तिच्याविषयी एक परिच्छेद लिहिला की दोन दिवस पुढचा सुचत नाही. गेल्या नाताळला मागितलेला लेख म्हणून या नाताळला देतो आहे.

आधी कामाविषयी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सत्त्याण्णव साली मी दोह्याला एका लहानशा सल्लागार कंपनीत लागलो. त्याआधी मुंबईत एका सरकारी कार्यालयात आकडेवारीचं काम करत होतो. नव्या कंपनीच्या दारावर 'संशोधन विभाग' अशी पाटी होती. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक डॉ. हाशिम यांचं आणि एक माझं. डॉ. हाशिम सुदानचे, पूर्वी अर्थशास्त्राचे प्राध्यापक. उंच, सावळे, बोलण्यात इतके मृदू की रागावले तरी आभार मानल्यासारखं वाटे. आम्ही दर तीन महिन्यांनी एक टिपण काढत असू. देशात किती नवी घरं बांधली जात आहेत, कुठे, कोणत्या प्रकारची. बँका ते विकत घेत, सिमेंटवाले घेत, एसी विकणारे घेत, शाळा काढू पाहणारे घेत.

नव्या घरांवरून देशाचं काय कळतं, असं मला बरेच जण विचारतात. मीही पहिल्या दिवशी डॉ. हाशिमना विचारलं होतं. ते म्हणाले, "माणूस शर्ट घेतो तेव्हा आजचा विचार करतो. मोटार घेतो तेव्हा पाच वर्षांचा. घर बांधायला काढतो तेव्हा त्याला पुढची वीस वर्षं दिसत असतात, किंवा दिसताहेत असं वाटत असतं. सगळा देश काय समजून चाललाय हे पाहायचं असेल, तर त्याचे पाये बघावेत." शिवाय घर एकटं येत नाही. विटा-लोखंड-रंगापासून पडदे, फ्रिज, शाळेतली जागा, दाराशी दूध टाकणाऱ्यापर्यंत सगळं त्याच्यामागे ओळीने येतं. म्हणून घरं वाढू लागली की आणखी दीड-दोन वर्षांनी काय काय वाढेल हे सांगता येतं. आणि घरं थांबली की काय काय थांबेल हेही.

मोजायची कशी? सगळ्यात सोपं म्हणजे नगरपालिकेने दिलेले बांधकाम परवाने मोजायचे. कागद मिळतो, त्यावर शिक्का असतो, तक्ता तयार होतो. माझा स्वभाव कागदाचा. मला ते काम फार आवडलं. परवाने नीट लावून ठेवायला मी स्वतःच्या हाताने खोके तयार केले होते.

पण डॉ. हाशिम म्हणाले, कागदाबरोबर जमीनही बघत जा. म्हणून पहिल्या हिवाळ्यात मी अल रय्यानच्या बाजूला फिरून पायाभरणी झालेल्या जागा मोजायला लागलो. तिथे मी जी चूक केली ती कोकणातून गेलेल्या माणसानेच करावी. आपल्याकडे आधी घर होतं, कुंपण मागाहून. तेही सवडीने. त्यामुळे एखाद्या प्लॉटभोवती सहा फुटी पक्की भिंत, भक्कम लोखंडी फाटक, फाटकावर दिवा, असं दिसलं की मी वहीत लिहायचो, 'काम सुरू.' महिन्याभरात माझ्याकडे इतकी सुरू झालेली घरं जमली की डॉ. हाशिमनी चष्मा पुसून तक्ता पुन्हा पाहिला.

"या भिंतींच्या आत काय आहे?" त्यांनी विचारलं.

आत काय आहे हे मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका फाटकाच्या फटीतून डोकावत होतो, तर मागे एक लँडक्रूझर येऊन थांबली. पांढऱ्या दाढीचे एक कतारी गृहस्थ उतरले. मी घाबरलो. परक्याच्या फाटकातून डोकावणं तिथे अजिबात चालत नाही. मी कंपनीचं ओळखपत्र पुढे केलं. त्यांनी ते पाहिलंही नाही. मुंबईशी जुना व्यापार असलेल्या घरातले असावेत, हिंदी छान बोलत.

"क्या देखता है, सदीक?" सदीक म्हणजे अरबीत दोस्त.

"घर देखता हूँ, बाबा. कितना काम हुआ."

त्यांनी फाटक उघडलं. आत वाळू, एक बाभळीसारखं झुडूप आणि सावलीत झोपलेली मांजर. "ये दीवार छे साल का है," ते म्हणाले. "नासेर का है. मेरा लड़का. अभी स्कूल में है. शादी करेगा, फिर घर बनेगा, इन्शाल्ला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसले. "तुम लिखा, घर बन रहा है?"

मी खाली मान घालून हो म्हटलं. त्यांनी गाडीतून थर्मास काढला, दोन छोट्या कपांत कॉफी ओतली, आणि आम्ही नासेरच्या न झालेल्या घरात उभं राहून प्यायलो. भिंत म्हणजे घराची सुरुवात नसते, मुलाच्या नावाने धरलेली जागा असते, हे मला तिथे कळलं. त्या तिमाहीत मी तीस-चाळीस शाळकरी मुलांची लग्नं लावून टाकली होती.

ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा सेलिन पोट धरून हसली. पण हसणं थांबल्यावर तिने जे विचारलं त्यावर मला हसता आलं नाही.

आम्ही तेव्हा अल रय्यानमध्येच राहत होतो. एका मोठ्या बंगल्याच्या मागच्या भागात, प्लायवूडच्या भिंती घालून केलेल्या दीड खोलीत. त्या एका बंगल्यात अशा सात बिऱ्हाडांची सोय होती. मंगळूरची एक परिचारिका आणि तिचा नवरा, केरळचे दोघे भाऊ, हैदराबादचं एक कुटुंब, आणि असेच बाकीचे. प्रत्येकाचं दार वेगळं, मोरी वेगळी, स्वयंपाकाचा ओटा वेगळा. आमची मिशेल तेव्हा चार वर्षांची होती. भिंतीपलीकडचा टीव्ही ऐकून ती मल्याळम शिकत होती.

सेलिनने माझा तक्ता हातात घेतला. लग्नाआधी ती वसईला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. कुठलाही कागद आला की आधी चुका शोधायची सवय. "या बंगल्याची नोंद कुठाय?" तिने विचारलं.

मी दाखवली. एक बंगला, एक परवाना, एक घर.

"म्हणजे तुझ्या तक्त्यात आपण राहतच नाही," ती म्हणाली.

"कागदावर हे एकच घर आहे."

"आणि चुली सात आहेत. आमच्या शाळेत शिरगणती आली की आम्हा मास्तरणींना दारोदार पाठवायचे. पहिला प्रश्न काय असायचा? किती खोल्या, हा नव्हे. चूल एक की वेगळी? जिथे चूल वेगळी, तिथे घर वेगळं."

"पण लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून मी चुली कशा मोजू?"

तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. बंगल्याच्या मागच्या बोळात, भिंतीला टेकून, गॅसचे सात सिलिंडर ओळीने उभे होते. जागा नसल्यामुळे सगळेच बाहेर ठेवत आणि नळी भिंतीतल्या भोकातून आत घेत. "सहलीला नेलेली मुलं आम्ही कशी मोजायचो?" ती म्हणाली. "डोकी मोजायची. तशी ही डोकी."

तिथून ते सुरू झालं. शुक्रवार म्हणजे तिथला आमचा रविवार. सकाळी मिस्सा, मग जेवण, आणि चारनंतर जुन्या टोयोटात बसून आम्ही तिघं निघायचो. मी गाडी चालवायचो. सेलिन शेजारी, मांडीवर मिशेलची चार रेघी वही. मोजायची बोटांच्या पेरांवर, आणि गल्ली संपली की वहीत उभ्या रेघा ओढायची, पाचवी आडवी. ठरावीक चौदा गल्ल्या होत्या. काही अल रय्यानच्या, काही अबू हमूरच्या. तीन महिन्यांतून एकदा त्याच गल्ल्या, त्याच क्रमाने. क्रम चुकलेला तिला चालत नसे. "हजेरी मधूनच घेतात का कधी?" म्हणायची.

मागच्या सीटवरून मिशेल ओरडायची, "ममा, यू मिस्ड वन! बिहाइंड द ट्री!"

"मराठीत सांग, तर धरीन."

"झाडाच्या मागे एक... एक लाल!"

"शाब्बास. धरला."

मिशेल जे काही मराठी बोलते त्यातलं निम्मं त्या गाडीत शिकली. आकडे, रंग, आणि मागे-पुढे-वर-खाली.

ही मोजणी माझ्या कामाची नव्हती. मला नुसतं तिच्याबरोबर फिरायला आवडायचं. मी माझ्या परवान्यांचे तक्ते करत राहिलो, ती तिची वही भरत राहिली. मधल्या काळात आम्ही अल सद्दला फ्लॅट घेतला, भाड्याचाच, पण तिथे भिंती विटांच्या होत्या. सेलिनने वहीत लिहिलं, 'अल रय्यान, आपला बंगला : सहा.' आम्ही निघाल्यामुळे एक चूल कमी झाली होती.

मग मोठी तेजी आली. दोन हजार सहाच्या आशियाई खेळांच्या आधीची ती दोन-तीन वर्षं ज्यांनी दोह्यात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. जिकडे बघावं तिकडे क्रेन. खडी मिळेना, ती जहाजाने बाहेरून यायची, आणि बंदरावर जहाज लागलं का हे विचारायला कंत्राटदार आमच्या ऑफिसात फोन करायचे. भाडी अशी चढली की लोक घरमालकाचा फोन आला तर उचलत नसत. मी रोज परवान्यांचे गठ्ठे लावत होतो आणि खोके कमी पडत होते. खरं सांगायचं तर ते माझे नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस. मोजणाऱ्याला वाढता आकडा फार आवडतो. त्याचं त्यात काही कर्तृत्व नसतं तरी आवडतो.

अबू हमूरला आमचं चर्चही तेव्हाच उभं राहत होतं. इतकी वर्षं मिस्सा कुठल्या तरी हॉलमध्ये ऐकलेल्या आम्हा लोकांना त्याचं केवढं अप्रूप. दर फेरीला सेलिन गाडी थांबवायला लावायची. छत कुठवर आलं बघायची.

"हेही लिहू का?" मी एकदा विचारलं.

"याला सिलिंडर नाही. धरू नकोस," ती गंभीरपणे म्हणाली, आणि मग हळूच हसली.

आता इनासविषयी. इनास सेलिनचा धाकटा भाऊ. तेजी बघून तोही दोह्याला आला होता आणि इंडस्ट्रियल एरियात एका शेडमध्ये अॅल्युमिनियमच्या खिडक्या करायचा. हाताखाली आठ माणसं. दिलदार, घाईचा, बोलका. जेवायला आला की आमच्या फ्लॅटच्या खिडक्या उघडून-मिटून बघायचा आणि ज्याने बसवल्या त्याला नावं ठेवायचा. बहिणीला 'बाय' म्हणायचा आणि शुक्रवारच्या आमच्या फेरीची टर उडवायचा. "काय बाय, आज किती सिलिंडर? एजन्सी कधी काढतेस?"

दोन हजार आठच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो एके संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन आला. त्याला मोठी शेड मिळत होती, कापणीची नवी यंत्रं घ्यायची होती, तीस माणसं गावाकडून आणायची होती. पैशासाठी त्याने वसईची वाडी विकायचं ठरवलं होतं. वडिलांच्या मागे ती दोघांच्या नावावर होती. पाऊण एकर, केळी, मोगऱ्याचे वाफे, आणि त्यांच्या आजोबांनी खणलेली विहीर. गिऱ्हाईक तयार होतं, पण सेलिनची सही हवी होती. मुखत्यारपत्र वकिलातीत जाऊन साक्षांकित करायचं, गावी पाठवायचं, की झालं. गिऱ्हाईक महिनाभर थांबणार होतं.

"सही कर, बाय. तुझा वाटा तुला मिळेलच. वर दोन वर्षांत मी तुला अशा दोन वाड्या घेऊन देतो."

सेलिनने कागद वाचले. दोनदा वाचले. मग चष्मा काढून म्हणाली, "थांब थोडा. माझी या वेळची फेरी राहिलीय."

इनासला आधी कळेना. मग कळलं तसा तो उठून उभा राहिला. "तू सिलिंडर मोजून माझं आयुष्य ठरवणार?"

"तुझं नाही. विहिरीचं."

"अगं, सगळं जग बांधतंय! भावोजी, तुम्ही सांगा तिला. तुम्ही तर याच्यातले. आकडे काय म्हणतात?"

तो क्षण मला अजून दिसतो. सेलिन माझ्याकडे बघत होती. मागच्या दोन फेऱ्यांपासून ती म्हणत होती की काहीतरी बिनसलंय. जुन्या वाटणीच्या बंगल्यांमागचे सिलिंडर कमी होताहेत, म्हणजे लोक तिथून निघताहेत, पण येता-जाता दिसणाऱ्या नव्या वसाहतींमध्ये ते वाढलेले दिसत नाहीत. मग ही माणसं जातात कुठे? मी तिला म्हटलं होतं, चौदा गल्ल्यांवरून देशाचं अनुमान काढता येत नाही. ते शास्त्राला धरूनच होतं. माझ्या टेबलावर त्या तिमाहीचे परवाने होते, आजवरचे सगळ्यात जास्त.

"आकडे तर चढतेच आहेत," मी म्हणालो. "सही करायला हरकत दिसत नाही."

सेलिनने कागद पिशवीत ठेवले, पिशवी कपाटात ठेवली, आणि इनासला म्हणाली, "शुक्रवारी तू ये आमच्याबरोबर. गाडी तू चालव. मोजणी पण तूच कर, मी हात लावत नाही. मग सही."

इनास आला. मोजायला तयार झाला, कारण त्यानंतर सही होती. मे महिन्यातली चारची वेळ, एसी पूर्ण सोडूनही गाडीत काचेला हात लावता येत नव्हता. मी मागे मिशेलशेजारी बसलो. जुन्या गल्ल्यांतून तो भराभर मोजत गेला. आमच्या पहिल्या बंगल्यामागे दोनच सिलिंडर निघाले. "लोकांनी चांगली घरं घेतली असतील," इनास म्हणाला. "यल्ला, पुढे."

"हो, असेल," सेलिन म्हणाली. "चांगली घरं बघूया."

मग ती त्याला अल रय्यानच्या पश्चिमेच्या एका नव्या वसाहतीत घेऊन गेली. एकसारखे दुमजली बंगले, रंग झालेला, फाटकं बसलेली, रस्त्याला दिवे. माझ्या तक्त्यात ही सगळी घरं 'पूर्ण' या रकान्यात होती. इनासने पहिली गल्ली मोजली. दुसरी मोजली. सिलिंडर एकही नाही. तिसऱ्या गल्लीत त्याने गाडी थांबवली आणि मोजणं सोडून नुसता समोर बघत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"या माझ्या खिडक्या आहेत," तो म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात त्यानेच बसवलेल्या. अॅल्युमिनियमची चौकट कारखान्यातून येते तेव्हा ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यावर निळसर प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असते. कुणी राहायला आलं की पहिल्या आठवड्यात ती काढून टाकतं. मुलांना तर ती सोलायला फार मजा वाटते. इथे गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाही खिडकीची पट्टी निघाली नव्हती. वर्षभराच्या उन्हाने ती पांढरी पडून कडांना फाटली होती.

इनास खाली उतरला. कुंपणाच्या कमी उंचीच्या भागावरून हात घालून त्याने एका तळमजल्याच्या खिडकीची पट्टी नखाने ओढून पाहिली. ती निघेना. तुकडा मोडून हातात आला.

"भाजली," तो म्हणाला. "आता चिकटली कायमची." तुकडा खिशात घालून तो गाडीत येऊन बसला. म्हणाला, "मी याच मालकाची पुढची ऑर्डर धरून शेड घेत होतो, बाय."

सेलिनने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. "पाणी पी. आणि सावकाश चालव."

घरी आल्यावर तिने कपाटातली पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "मी कबूल केलंय. म्हणशील तर सही करते." इनासने पिशवी घेतली, दारापर्यंत गेला, परत आला, आणि ती आमच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवून गेला. डब्यात टाकली नाही. तेवढा धीर त्याला झाला नसावा. ते काम सेलिनने केलं.

पुढच्या सहा-सात महिन्यांत जगभर मंदी आली ते सगळ्यांना माहीत आहे. कतार इतरांपेक्षा पुष्कळ सावरलं, पण घरांची भाडी उतरू लागली, कामं अर्धवट थांबली, ज्यांनी तेजी धरून शेडी घेतल्या होत्या त्यांच्या शेडींवर कुलपं आली. इनासकडची पाच माणसं टिकली. दुरुस्त्या, सरकत्या जाळ्या, दुकानांची दारं, असली कामं करत त्याने ते दिवस काढले. त्याच्या वाट्याला हालच आले, पण मागे वाडी होती.

माझ्याविषयी मात्र एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणं बरोबर नाही. त्या शुक्रवारनंतर मी सेलिनची वही ऑफिसात नेली. दहा वर्षांच्या रेघा. डॉ. हाशिम दुपारभर पानं उलटत बसले होते.

"ही मोजणी कुणाची?"

"माझ्या बायकोची."

"गणित शिकवायच्या?"

"पहिली-दुसरीला शिकवायची. सगळंच."

"वाटलंच," ते म्हणाले. "एकही गल्ली चुकलेली नाही." त्यांनी त्या तिमाहीच्या टिपणात एक परिच्छेद घालायला सांगितलं. परवाने वाढत असले तरी राहती घरं वाढताना दिसत नाहीत, सावध असावं, एवढाच. शेवटी त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव देऊया ना?"

मी म्हणालो, "नको. बरं दिसणार नाही."

कुणाला बरं दिसलं नसतं? डॉ. हाशिमना नव्हे. मला. चार माणसं म्हणतील, संशोधन विभागाचं संशोधन बायको करते, ही भीती. मी लिहिलं, 'क्षेत्रीय पाहणीनुसार.' वर्षअखेरीला एका बँकेने त्या परिच्छेदाबद्दल आभाराचं पत्र पाठवलं. मी ते घरी नेऊन सेलिनला वाचून दाखवलं.

"क्षेत्रीय पाहणी म्हणजे मी का रे?"

"हो."

"बरं नाव आहे," ती म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली. त्यानंतर कधीही ऑफिसात फोन केला की सुरुवात तीच. "क्षेत्रीय पाहणी बोलतेय. येताना कोथिंबीर आण." ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला माफी तरी मागता आली असती.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला आम्ही परत आलो. मिशेल पुढे परदेशी शिकायला गेली आणि तिकडेच राहिली. मी वसईत लहानसहान कामं केली, पुस्तकं वाचली. शेवटी शेवटी सेलिनच्या मनात आलं की वाडीत, विहिरीच्या बाजूला, आपलं एक लहान घर बांधावं. स्वयंपाकघराची खिडकी विहिरीकडे हवी, एवढी एकच अट. खिडक्या अर्थात इनासने केल्या. तोही आता गावीच आहे. भिंतींना गिलावा चालू असताना सेलिन आजारी पडली, आणि रंग लागायच्या आत गेली.

घर पुरं झालं. मी भाड्याच्या फ्लॅटमध्येच राहिलो. किल्ली खिशात असायची, वाडीत जाऊन झाडांना पाणी घालून यायचो, कुलूप मात्र काढत नसे. माझ्याच धंद्याच्या भाषेत, ते घर 'पूर्ण' होतं, राहतं नव्हतं. इनास दर रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर गाठून एकच सांगायचा, "भावोजी, पट्टी काढून घ्या. ऊन लागलं की चिकटते. तुम्ही बघितलंय." मी हो म्हणायचो.

गेल्या महिन्यात त्याने विचारणं सोडलं आणि गॅस एजन्सीत माझ्या नावाने अर्ज भरून टाकला. सिलिंडर वाडीच्या पत्त्यावर आला. पोचवणाऱ्या माणसाने फोन केला, "काका, दार उघडा, कुणी नाहीये इथे." मला जावंच लागलं.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलो. पट्टी भाजली होती. सुरीच्या पाठीने, खोबरेल लावून, नखाएवढे तुकडे निघत होते. एका खिडकीला दुपार गेली. मग विहीर स्वच्छ दिसली. मी चहा टाकला.

सेलिनची वही मी बरोबर नेली होती. दोह्यातल्या चौदा गल्ल्या संपल्यावर, शेवटच्या पानावर, आजारपणात कधीतरी तिने लिहिलेलं आहे, 'वाडी, आपलं घर :' आणि पुढे जागा सोडलेली आहे. त्या जागेत मी एक उभी रेघ ओढली. पानाच्या तळाशी, जिथे तिने कधीच काही लिहिलं नव्हतं, तिथे लिहिलं, 'मोजणी : सेलिन.'